लिसा १ लिलावात देण्यापूर्वी दुरुस्त करावी की आहे त्याच स्थितीत ठेवावी?

प्रश्न

नमस्कार. दिवंगत काकांच्या संग्रहातून ॲपल कंपनीचा १९८३ सालचा लिसा संगणक माझ्याकडे आला आहे. पडद्याच्या उजवीकडे एकाखाली एक अशा दोन फ्लॉपी ड्राइव्ह असल्यामुळे तो पहिल्या पिढीचा, म्हणजे लिसा १, असावा असे वाटते. सोबत कीबोर्ड, माऊस, मूळ फ्लॉपी आणि खरेदीच्या वेळची पावती आहे. गेली अनेक वर्षे तो बंद आहे आणि बाहेरचे प्लास्टिक बरेच पिवळे पडले आहे. जुनी यंत्रे हाताळणाऱ्या एखाद्या लिलावगृहाकडे तो सोपवण्याचा विचार आहे. चालू यंत्राला अधिक किंमत मिळते असे काही जण सांगतात, तर एकही भाग बदलला तरी मोल घटते असे इतरांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सर्वप्रथम एक कळकळीची विनंती: तो विजेला जोडू नका. लिसा १ च्या आय-ओ बोर्डावर (माहितीची आवक-जावक सांभाळणाऱ्या सर्किट बोर्डावर) निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या झाळलेल्या असतात. इतक्या वर्षांत त्या गळतात आणि त्यांतला अल्कधर्मी द्राव बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, चिपची सॉकेट आणि पुढे शेजारचे बोर्डही खात जातो. वीजपुरवठ्याच्या भागातील कागदी कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या सुट्या भागांची) कवचे तडकून त्यांत दमटपणा शिरलेला असतो, त्यामुळे वीज मिळताच ते धूर सोडत फुटू शकतात.

लिसाची रचना अशी आहे की पुढचे आणि मागचे झाकण अवजारांशिवाय निघते व बोर्डांचा पिंजरा मागून सरकवून बाहेर काढता येतो. तो काढा, प्रत्येक बोर्डाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि झाळकाम येणाऱ्या माणसाकडून बॅटऱ्या काढून घ्या. ही दुरुस्ती नव्हे, जतन आहे, आणि कोणताही समंजस संग्राहक त्याबद्दल किंमत कमी करणार नाही. गळती झालेली असल्यास ती जागा सौम्य व्हिनेगरने उदासीन करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावी. काढलेला प्रत्येक सुटा भाग चिठ्ठी लावून पिशवीत जपून ठेवावा. बॅटऱ्या मात्र यंत्रापासून दूर ठेवाव्यात.

मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालून पाहण्याचा मोहही टाळा. अस्वच्छ हेडमुळे चकतीवरचा चुंबकीय थर खरवडला जातो आणि त्यावरची माहिती कायमची नष्ट होते.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. माझा भर मात्र आपल्या यंत्राची ओळख निर्विवादपणे सिद्ध करण्यावर राहील, कारण लिसा १ चे सारे मोल त्यातच आहे. बाजारात येताना ९,९९५ डॉलर किंमत असलेल्या या संगणकाच्या ५.२५ इंची ‘ट्विगी’ ड्राइव्ह भरवशाच्या नव्हत्या. १९८४ मध्ये लिसा २ आल्यावर कंपनीने जुन्या ग्राहकांना विनामूल्य रूपांतर देऊ केले. त्यात ट्विगीच्या जागी ३.५ इंची ड्राइव्ह बसली, पुढचे झाकण बदलले आणि आय-ओ बोर्डावरचा रॉम, म्हणजे कायमस्वरूपी सूचना साठवणारी चिप, हीदेखील बदलली. मूळ स्वरूपात राहिलेल्या लिसा १ म्हणूनच इतक्या दुर्मीळ आहेत. शिवाय १९८९ मध्ये न विकलेल्या सुमारे २,७०० लिसा अमेरिकेतील युटा राज्यात लोगन येथील कचराभूमीत गाडण्यात आल्या, हे तर मला आजही वाचवत नाही.

यामुळे केवळ पुढचे झाकण पाहून कोणताही अनुभवी ग्राहक समाधानी होणार नाही. ड्राइव्ह, रॉमवरील लेबले, चिपवर छापलेले निर्मितीचे आठवडे आणि अनुक्रमांक एकमेकांशी जुळतात, हे स्पष्ट छायाचित्रांतून दाखवावे लागेल. फ्लॉपींचेही महत्त्व येथेच आहे: लिसाचे मूळ सॉफ्टवेअर प्रथम ज्या यंत्रावर वापरले जाई, त्याच्या क्रमांकाशी बांधले जाई. आपल्या फ्लॉपी याच यंत्राच्या असतील आणि पावतीवर तोच क्रमांक असेल, तर तो संच फोडून वेगवेगळा विकण्याचा विचारही करू नये.

पिवळेपणाला हात लावू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने प्लास्टिक उजळते खरे, परंतु अनेकदा डाग-डाग उमटतात आणि कालांतराने रंग पुन्हा पालटतो. नव्या मालकाला उजळवायचे असेल तर तो उजळवू शकेल, पण एकदा केलेली प्रक्रिया कोणालाही मागे घेता येणार नाही.

प्रतिसाद ३

यंत्र चालू स्थितीत असावे की नाही, या मुद्द्यावर माझे मत किंचित वेगळे आहे. लिसाचा अनुभव असलेला तंत्रज्ञ उपलब्ध असेल, तर मूळ वीजपुरवठा बाजूला ठेवून तात्पुरत्या पुरवठ्यावर बोर्ड तपासून घ्यावेत आणि त्याचे चित्रीकरण करावे. यात एकही मूळ भाग बदलत नाही आणि ग्राहकाला यंत्राच्या प्रकृतीची खात्री पटते. असा तंत्रज्ञ नसेल तर ‘तपासलेले नाही’ असे स्वच्छ लिहून द्यावे. अर्धवट दुरुस्तीपेक्षा ते केव्हाही चांगले.

किंमत ठरण्यात यंत्राच्या पूर्वेतिहासाचा वाटा किती मोठा असतो, ते ॲपल-१ च्या उदाहरणावरून दिसते. १९७६ मध्ये ६६६.६६ डॉलरला विकल्या गेलेल्या या संगणकाचा एक नग २०१४ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ९,०५,००० डॉलरला गेला आणि हेन्री फोर्ड संग्रहालयात पोहोचला. २०२४ मध्ये क्रिस्टीजने मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या संग्रहातील दुसरा एक ॲपल-१ विकला. तो पूर्वी स्टीव्ह जॉब्स यांच्या कार्यालयात होता आणि त्याला ९,४५,००० डॉलर मिळाले. लिसाकडून अशा आकड्यांची अपेक्षा ठेवू नये, पण काकांनी हे यंत्र कोणत्या कामासाठी घेतले आणि कसे वापरले याची टिपणे अथवा छायाचित्रे असतील तर ती अवश्य जोडावीत.

करारावर सही करण्यापूर्वी विक्रेत्याचे कमिशन, छायाचित्रण व विम्याचा खर्च आणि बोली न लागल्यास यंत्र परत आणण्याचा भार कोणावर, हे लेखी विचारून घ्या. जाहीर होणाऱ्या रकमेत बहुधा खरेदीदाराकडून घेतला जाणारा अधिभार धरलेला असतो. आपल्याला मिळते ती हातोडा पडतानाची बोली, तीही कमिशन वजा होऊन. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली यंत्र विकायचे नाही ती रक्कम, ठरवून घ्या, मात्र ती फार चढी ठेवू नका, कारण न विकले गेलेले यंत्र लगेच पुन्हा लिलावात आणले की खरेदीदार साशंक होतात. आणि पाठवताना चित्रनलिकेचे वजन लक्षात घेऊन ड्राइव्ह व बोर्डांचा पिंजरा स्वतंत्र खोक्यांत बांधावा.