बर्मिंगहॅम तुरुंगाच्या चौकशीने नेमके काय साधले?

रानवाट (धागाकर्ता):
२७ एप्रिल १८५३ रोजी बर्मिंगहॅमच्या तुरुंगात एडवर्ड अँड्र्यूज या पंधरा वर्षांच्या मुलाने कोठडीत गळफास घेतला. चार पौंड मांस चोरल्याबद्दल त्याला तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली होती. क्रँक नावाच्या यंत्राचा दांडा त्याला दिवसाला दहा हजार वेळा फिरवावा लागे आणि त्यातून काहीही तयार होत नसे. ठरलेले फेरे भरले नाहीत की जेवण तुटे. त्यापुढची शिक्षा म्हणजे हात जखडणारे जाकीट आणि गळ्याभोवती ताठ चामडी पट्टा अशा अवस्थेत भिंतीला बांधून तासन्‌तास उभे करणे. मृत्यूनंतर शाही चौकशी आयोग नेमला गेला, १८५४ मध्ये अहवाल आला आणि गव्हर्नर म्हणजे तुरुंगप्रमुख ऑस्टिन यांच्यावर खटला चालून त्यांनाही तीन महिन्यांचीच कैद झाली. चोरलेल्या मांसाला जेवढी शिक्षा, तेवढीच मुलाच्या छळाला! अशा चौकशीला मी न्याय म्हणू शकत नाही.

तराजू:
शिक्षा अपुरी होती हे मान्य, पण म्हणून चौकशीच कमी लेखणे मला पटत नाही. आयोगाने कैद्यांच्या आणि पाद्रीसाहेबांच्या साक्षी घेतल्या आणि तेवढ्यावर न थांबता यंत्रे तपासून घेतली. मुलांच्या क्रँकला पाच पौंडांचा भार आहे असे तुरुंगाचे म्हणणे होते. प्रत्यक्षात तो दांडा फिरवायला कितीतरी अधिक जोर लागत होता, आणि हे श्रम गाडीच्या घोड्याच्या नेहमीच्या कामाच्या चौथ्या हिश्शाएवढे भरतात, असा हिशेब निघाला. बाहेर मजुरी करणाऱ्या मुलाचे काम घोड्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके धरले जाई. ‘आम्ही नियमाप्रमाणेच काम दिले’ हा बचाव या मोजमापाने कोसळला. या मुलाला बेकायदा आणि क्रूर शिक्षा दिली गेली व त्यातूनच तो आत्महत्येकडे लोटला गेला, असे सरकारी अहवालात नोंदले जाणे त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मुक्काम:
तुमच्या दोघांचेही लक्ष ऑस्टिन यांच्यावरच आहे. त्यांच्या आधीचे गव्हर्नर अलेक्झांडर मॅकनॉकी कैद्याला चांगल्या वर्तनाचे गुण देऊन सुधारू पाहत होते. ते फार सौम्य आहेत म्हणून देखरेख करणाऱ्या न्यायाधीशांनीच १८५१ मध्ये त्यांना दूर केले आणि त्यांच्या हाताखालच्या ऑस्टिन यांना ती जागा दिली. तुरुंग पाहायला येण्याचे कर्तव्यही याच न्यायाधीशांचे होते. गव्हर्नरच सोबत असताना कोणता कैदी तोंड उघडणार? अहवालाने त्यांना बोल लावला, पण शिक्षा त्यांच्यापैकी कुणालाच झाली नाही. माझ्या मते चौकशी फसली ती इथे.

तराजू:
हा मुद्दा मोलाचा आहे. तरीही तुलनेसाठी इल्चेस्टरचा तुरुंग आठवून पाहा. मँचेस्टरमध्ये १८१९ साली घोडदळाने उधळलेल्या पीटरलूच्या राजकीय सभेनंतर तिथे शिक्षा भोगणाऱ्या हेन्री हंट यांनी आतल्या छळाला वाचा फोडली, त्यावरून १८२१ मध्ये चौकशी झाली आणि तुरुंगाधिकाऱ्याला पद सोडावे लागले. पण हंट हे देशभर नाव असलेले पुढारी होते. बर्मिंगहॅमला एका अनोळखी, गरीब मुलासाठी शासनाला आयोग नेमावा लागला. हा फरक मला फार मोठा वाटतो.

रानवाट:
तो मुलगा जिवंत असता तर आयोग बसला असता का, एवढेच मला विचारायचे आहे. क्रँक तर त्यानंतरही इंग्लंडमध्ये चालूच राहिला आणि १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर बंद झाला. मोजमापाने खोटेपणा उघड झाला हे तुमचे म्हणणे मी स्वीकारतो. परंतु दांडा जड आहे हे तो फिरवणाऱ्या प्रत्येक कैद्याला पहिल्याच दिवशी कळले असणार, आणि ते जाणून घेण्यासाठी न्यायाधीशांनी गव्हर्नरला दाराबाहेर थांबवून, कोठडीत जाऊन एकदा त्याला विचारायला हवे होते.