जुन्या पर्वतफोटोंत आभाळ कोरं का?

धारकरी:
वॉटकिन्स, बिसाँ, बोर्न यांचे १८६०च्या दशकातले पर्वतांचे फोटो बघतोय. खडकाची चीर न् चीर मोजता येते, पण आभाळ कोरं आणि लांबच्या रांगा पुसल्यासारख्या. मुद्दाम केलंय की तंत्रच तसं होतं?

ओली_काच:
तंत्र. तेव्हा निगेटिव्ह काचेवर बनवत, कोलोडियन नावाच्या ईथरमिश्रित चिकट द्रवाचा थर देऊन. अशा काचेवर जवळजवळ फक्त निळा आणि अतिनील प्रकाश उमटतो. त्यामुळे निळं आभाळ आणि पांढरा ढग सारखेच प्रखर येतात, वेगळे कळतच नाहीत. लांबच्या रांगांवरची निळसर धूसरही तशीच. झाडी मात्र काळीठिक्कर. झाडीला पुरेल इतका वेळ दिला की आभाळ जळालंच. शिवाय त्या जागी निगेटिव्हवर डाग, ओघळ दिसायचे, म्हणून काळा रंग लावून तो भाग झाकून टाकत, म्हणजे छापताना तो कोरा पांढरा येई. कड्याची कड कात्रीने कापल्यासारखी दिसली तर तिथे कुंचला फिरलाय असं समजा. ढग दिसलेच तर सावल्या तपासा. बऱ्याचदा ते दुसऱ्या निगेटिव्हवरून छापलेले असतात आणि उजेड भलत्याच बाजूचा निघतो.

धारकरी:
आणि हे सगळं बर्फात कसं जमायचं?

ओली_काच:
हाल होते. कोलोडियन काचेवर ओतायचं, चारी कोपऱ्यांपर्यंत फिरवायचं, उरलेलं एका कोपऱ्यातून बाटलीत परत. थर चिकटसर झाला की अंधाऱ्या तंबूत सिल्व्हर नायट्रेटमध्ये तीनेक मिनिटं. मग फोटो, आणि चित्र उमटवायला लगेच फेरस सल्फेटचा डेव्हलपर. दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं, कारण थर वाळला की त्याची संवेदनशीलता जाते. उंचीवर विरळ हवेत कोलोडियनमधला ईथर भराभर उडतो, थर एकसारखा बसत नाही. थंडीत डेव्हलपर रेंगाळतो. धुवायला पाणी हवं तर बर्फ वितळवा. १८६१ मध्ये ऑग्युस्त बिसाँ २५ हमाल घेऊन आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या माथ्यावर गेला आणि तीन निगेटिव्ह घेऊन उतरला.

पायवाट:
आभाळाचं ठीक आहे, पण वॉटकिन्सच्या फोटोंत माणसंही फारशी नाहीत, आणि त्याला रसायन कारण नाही. त्याने १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत १८×२२ इंची काचा वापरल्या (तेव्हा मोठा फोटो हवा तर काचच मोठी लागे). १८६४ मध्ये लिंकनने ती दरी राखीव करण्याच्या कायद्यावर सही केली, त्यात या फोटोंचा वाटा मानतात. पण त्या 'अस्पर्श' दरीतल्या 'आवानीची' या मूळ रहिवाशांना १८५१ मध्येच सशस्त्र तुकडीने हुसकावलं होतं. पुढे काही जण परतलेही. वॉटकिन्सच्या गाजलेल्या दृश्यांत ते शोधून बघा.