लिंबूपाणी आणि सुळ्यातली कळ: नक्की काय बंद करू?

आगळ_डोंबिवली: नमस्कार मंडळी. वय ४१. गेल्या पावसाळ्यापासून रोज सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात अख्खं लिंबू पिळून घेते. घरी वेळ नसतो म्हणून बाटली बरोबर नेते आणि लोकलमध्ये घोट घोट पीत जाते. हल्ली माठातलं पाणी वरच्या डाव्या सुळ्याला लागलं तरी डोळ्यांत पाणी येतं. कळ क्षणभरच, मग सगळं ठीक. कीड दिसत नाही, पण हिरडीलगत सुळा पिवळसर झालाय आणि नख फिरवलं की खाच लागते. आंबटपणा राहू नये म्हणून ऑफिसात पोचल्यावर लगेच ब्रशही करते. सासर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे घरात कोकमाचं आगळ कायम आणि सोलकढी वरचेवर होते. ती पण सोडायची का?

मावळतीकर: लवंगेचं तेल लावा, हमखास गुण येतो. पिवळेपणासाठी मीठ-लिंबू चोळा, आमच्या आजीचा उपाय.

दंतवैद्य_कुडाळ: मीठ-लिंबू अजिबात नको! कळकळीने सांगतोय. आधीच मऊ झालेल्या दातावर आम्ल आणि वर खरखरीत मीठ, म्हणजे खाच आणखी खोल. लवंगेच्या तेलाने तेवढ्यापुरतं बधिर होतं, आणि ते नुसतंच लावलं तर हिरडी भाजते.

ताई, तुमचं वर्णन वाचून दात न बघताही बरंच कळतं. वरचं इनॅमल वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं. त्याखालचं डेंटिन मऊ, पिवळसर. त्यात खनिज ७० टक्क्यांच्या आसपास. तोंडातला सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. डेंटिनला तेवढंही लागत नाही, त्याची झीज साडेसहाच्या आसपासच सुरू होते. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीच. पाणी घातल्याने चवीला सौम्य लागतं, पण अख्ख्या लिंबाचा पेला तीनच्या फार वर जात नाही.

आता कळ का येते? डेंटिनमध्ये दर चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. आम्लाने त्यांची तोंडं उघडी पडली की गार पाण्याने आतला द्रव हलतो आणि नसेला लगेच समजतं. स्वीडनच्या ब्रानस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी हे पुढे आणलं. दवाखान्यात मी अशा खाचेवर हवेचा बारीक झोत सोडतो, तेव्हा पेशंटचा खांदा आपोआप वर जातो.

तुमच्या बाबतीत लिंबापेक्षा लोकलमधली बाटली जास्त नडते. आम्ल पोटात गेलं की लाळ तोंडाचा सामू हळूहळू वर आणते आणि मऊ झालेल्या पृष्ठभागावर कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा बसवते. दर पाच मिनिटांनी घोट घेतलात तर तिला ती संधीच मिळत नाही. त्यात झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळी तोंड आधीच कोरडं असतं. आणि लगेच केलेला ब्रश तो मऊ थर खरवडून नेतो. सुळा दातांच्या ओळीच्या वळणावर येतो, तिथे ब्रशचा जोर जास्त पडतो.

सोलकढी खुशाल प्या. जेवताना लाळ भरपूर सुटलेली असते आणि वाटी लवकर संपते. फक्त रात्री झोपताना आगळाचं सरबत नको.

लिंबूपाणी सोडवत नसेल तर घरीच एका दमात प्या, साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. ब्रश त्याआधी करा, नाहीतर निदान तासाभराने. मऊ ब्रश, हलका हात. पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह पेस्ट दोन वेळा वापरा, नंतर फक्त थुंका. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका. गेलेलं इनॅमल परत येत नाही, ते बनवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंतच असतात. म्हणून खाच कुणाला तरी दाखवून भरून घ्या.

पित्तप्रकृती: डॉक्टर, मी आंबट फारसं खात नाही तरी पुढचे दात आतून गुळगुळीत, पातळ वाटतात. रात्री आंबट पाणी वर येतं.

दंतवैद्य_कुडाळ: वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजली की आम्हाला पहिला संशय पोटातल्या आम्लाचाच येतो. नुसत्या पेस्टने भागणार नाही. फिजिशियनला दाखवून पित्ताचा इलाज करा, आणि दातही तपासून घ्या.

आगळ_डोंबिवली: खूप आभार. उद्यापासून बाटली घरीच. लिंबूपाण्यानंतर खायच्या सोड्याच्या गुळण्या चालतील का?

दंतवैद्य_कुडाळ: पेलाभर पाण्यात अर्धा चमचा, चालेल. कोरडा सोडा दातांवर घासू नका. आणि गार पाणी गेल्यावरही कळ मिनिटभर रेंगाळू लागली किंवा रात्री झोपेतून उठवू लागली, तर पेस्टची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा. तेव्हा नसेला सूज आलेली असू शकते.