मोघम, निराधार की सांगोवांगी?

शंकासुर:
आमचा भावकीत बांधाचा दावा चालू आहे. काल समोरच्यांची कैफियत, म्हणजे आमच्या दाव्याला त्यांचं लेखी उत्तर, हातात पडली, त्यात जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाला एकच वाक्य, "दावा कलम 4 मधील मजकूर खोटा, मोघम व निराधार असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही." कलम 5 ला तेच, 6 ला तेच. बाबा जाम भडकलेत, मोघम काय म्हणे, ट्रॅक्टर मी या डोळ्यांनी बघितलाय! असो, माझी शंका शब्दांची आहे. इंग्रजीवाले बाल्ड असर्शन म्हणतात ना, नुसतं ठोकून दिलंय मागे काही नाही, त्याला आपल्याकडे नक्की कुठला शब्द? का हे सगळे एकच?

काळा कोट:
एकच नाहीत, पण आम्ही वकील तिन्ही एका दमात लिहितो, हात बसलेला असतो. मोघम म्हणजे तपशील नाही. "प्रतिवादीने बांध कोरला" हे मोघम. "मे महिन्यात पूर्वेकडचा बांध ट्रॅक्टर लावून दोन फूट कोरला" हे मोघम नाही, मग धादांत खोटं का असेना. निराधारमध्ये तपशील ढीगभर असेल पण खाली टेकू नसतो, आणि कोर्टात हीच जात जास्त छळते कारण वाचताना खरं वाटतं.
दुसरं, दाव्यात पुरावा कुठाय म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 6 नियम 2 मध्ये स्पष्ट आहे की दाव्यात महत्त्वाच्या घटना मांडायच्या, पुरावा नाही. तो मुद्दे निघाल्यावर, म्हणजे वाद नेमका कशाकशावर हे कोर्टाने ठरवल्यावर येतो. आणि गंमत बघा, ऑर्डर 8 प्रमाणे नकारसुद्धा मोघम चालत नाही, एकेक गोष्ट नेमकी नाकारावी लागते नाहीतर ती कबूल धरली जाऊ शकते. म्हणजे तुमच्या मजकुराला मोघम म्हणणारं ते वाक्यच मोघम आहे, हाहा.

मुक्काम पोस्ट:
मोघम हा शब्द मोघवरून आला असणार. गीतेत मोघाशा मोघकर्माणो आहे बघा, मोघ म्हणजे फुकट गेलेलं, अमोघ त्याच्या उलट.

शंकासुर:
आधार? का नाद सारखा म्हणून सोयरीक?

मुक्काम पोस्ट:
बरं बाबा, मागे घेतो. पण आमच्याकडे अशा बोलण्याला सांगोवांगी म्हणतात, तो शब्द कसा वाटतो?

काळा कोट:
छान शब्द पण इथे नाही बसत. सांगोवांगी म्हणजे ऐकीव. बाबांनी ट्रॅक्टर स्वतः बघितला आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं तर तो पुरावाच, तोंडी असला तरी. तेच आईने "हे घरी येऊन म्हणाले" असं सांगितलं की झालं सांगोवांगी. लोकांना वाटतं कागद नाही म्हणजे पुरावा नाही, हे साफ चूक आहे.

पेपरवाली:
आमच्या धंद्यातलं एक. कथित म्हणजे कुणीतरी तसं म्हटलंय, अजून ठरलेलं नाही. "कथित अपहार" ठीक, पण "कथित आरोपी" रोज छापून येतं ते डोक्यात जातं. अहो आरोपी म्हणजेच ज्याच्यावर आरोप आहे तो, त्यात परत कथित काय! आणि तथाकथित तिथे लावूच नका, त्यात टोमणा आहे.

काळा कोट:
हे आवडलं. अजून एक, 1872 च्या पुरावा कायद्यात दोन नाही तीन खाने होते, शाबीत, नाशाबीत म्हणजे खोटं ठरलेलं, आणि नुसतं शाबीत न झालेलं. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला तरी ते तसेच आहेत. बिनपुराव्याचं कथन पडतं ते तिसऱ्या खान्यात. निकालपत्रात "वादी शाबीत करतो काय?" याच्यापुढे "नाही" आलं तर तुम्ही खोटारडे ठरत नाही, फक्त हरता. आणि शाबितीचा भार जो म्हणतो त्याच्यावर, जुनं कलम 101, नव्यात 104.
तुमच्यापुरतं सांगायचं तर मोजणी करून घ्या, कोर्ट कमिशनर, म्हणजे जागा बघून अहवाल द्यायला कोर्टाने नेमलेला माणूस, मागा, आणि ट्रॅक्टरवाल्याला साक्षीला आणता आलं तर बघा.

शंकासुर:
बाबांना सगळं वाचून दाखवलं. ट्रॅक्टरवाला समोरच्यांचा मेव्हणा आहे म्हणे.