नॅप २५० नक्कल बोर्ड : डाव्या चॅनेलचे ५२०० ट्रान्झिस्टर पुन्हा उडाले, बनावट आहेत का?

कर्कशराव
मदत हवी आहे, जरा लवकर. नेम (Naim) कंपनीच्या नॅप २५० ॲम्प्लिफायरची नक्कल म्हणून मिळतो तो बोर्ड आहे. डाव्या चॅनेलचे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले. नवे टाकले, दहा मिनिटांत तेही गेले. वर तोशिबा, २एससी५२०० असं सगळं व्यवस्थित छापलेलं आहे. मल्टिमीटरवर एचएफई (करंट गेन) १३० येतो. हे बनावट आहेत का, एवढंच सांगा. 'बोर्ड फेकून दे' हा सल्ला नको.

शून्य ओहम
एवढ्यावर कोण काय सांगणार? रेल (सप्लाय व्होल्टेज) किती, बायस (सिग्नल नसतानाचा करंट) किती ठेवला, स्पीकर किती ओहमचा, ०.२२ चे एमिटर रेझिस्टर मोजले का, सिरीज बल्ब लावून चालू केलं की थेट मेन्सवर? फोटोही नाही.

कर्कशराव
रेल ±४०, स्पीकर ८ ओहम, थेट मेन्सवर. बाकी सगळं नॉर्मल आहे. उजवा चॅनेल मस्त चालतो, त्यात बोर्डाबरोबर आलेलेच ट्रान्झिस्टर आहेत.

ताम्रपट
५२०० चा जोडीदार १९४३ (पीएनपी) पण बदला की! जोडीतला एक गेला की दुसरा अर्धमेला असतो.

शून्य ओहम
@ताम्रपट, या सर्किटमध्ये १९४३ नाहीच. क्वासी-कॉम्प्लिमेंटरी आहे, वर-खाली दोन्हीकडे एनपीएन. आधी वाचा तरी.

पीएनपी
मल्टिमीटरचा एचएफई इथे कुचकामी. तो काही मिलिअँपिअरवर मोजतो, तिथे कुठलाही किरकोळ ट्रान्झिस्टर १३० दाखवेल. डेटाशीट काय म्हणते ते बघा : १ अँपिअरला ५५ ते १६०, आणि ७ अँपिअरला किमान ३५. बनावट मालात आतली सिलिकॉनची चकती लहान असते, करंट वाढला की गेन कोसळतो. त्यात उष्णता एका ठिपक्यात साठते, सेकंडरी ब्रेकडाउन होतं आणि कलेक्टर-एमिटर शॉर्ट. मग रेलचा डीसी सरळ स्पीकरवर.

चाचणी अशी करा. एमिटर १२ व्होल्ट बॅटरीच्या निगेटिव्हला. पॉझिटिव्ह ते कलेक्टर १ ओहम ५० वॉट. पॉझिटिव्ह ते बेस ५६ ओहम ५ वॉट, मध्ये पुश बटण. ट्रान्झिस्टर हीटसिंकवर घट्ट बसवा, बटण जास्तीत जास्त दोन सेकंद दाबा, १ ओहमवरचा व्होल्टेज वाचा. बेसला साधारण २०० मिलिअँपिअर जातो, म्हणजे अस्सल असेल तर ७ च्या आसपास किंवा वरच दिसायला हवा. ४-५ वर अडकला तर बनावट. त्याच पाकिटातला न वापरलेला घ्या, जळका नको.

ताम्रपट
एवढा उपद्व्याप कशाला? ॲसिटोनचा बोळा फिरवा, छपाई निघाली की बनावट.

पीएनपी
निघाली तर संशय पक्का, पण न निघणं हा पुरावा नाही. लेझरने कोरलेले बनावटही भरपूर फिरतात. फोडायचाच असेल तर उडालेला एक व्हाइसमध्ये चिरडा आणि आतली चकती कुठल्यातरी गेलेल्या अस्सलाच्या चकतीशेजारी ठेवा. आणि तोशिबाचा नाही म्हणून लगेच बनावट ठरवू नका. एसटीनेही याच क्रमांकाचा बनवला आहे, तोशिबाचा स्वतःचा टीटीसी५२००ही आहे. गुन्हा आहे तो दुसऱ्याचं नाव छापण्याचा.

मंद्रसप्तक
अवांतर : फिल्टर कपॅसिटरही बघा. मोठ्या डब्यात छोटा डबा घालून वर नामांकित कंपनीची स्लीव्ह चढवलेली असते. वजन केलं तरी कळतं. मायक्रोफॅरड बरोबर येऊ शकतो, म्हणून ईएसआर (अंतर्गत रोध) आणि लोडवरचा रिपल (डीसीतला चढउतार) मोजा.

शून्य ओहम
कपॅसिटर कोणी विचारले होते? दोन्ही चॅनेल एकाच सप्लायवर असतील तर एकटा डावा का मरेल?

घुमट
कर्कशराव, स्पीकर केबल कोणती आणि किती लांब? दोन्हीकडे सारखीच आहे का?

कर्कशराव
केबलचा काय संबंध? डावीकडे चांगली विणलेली दीड मीटर, नवी आहे. उजवीकडे अजून साधी वायर, पाचेक मीटर असेल.

घुमट
हेच आधी सांगायचं होतं. मूळ नॅप २५० च्या आउटपुटला इंडक्टर (कॉइल) नाही, ते काम केबलच करते. म्हणून कंपनी दर बाजूला किमान ३.५ मीटर सांगते, आणि तिची केबल मीटरला साधारण १ मायक्रोहेन्रीची आहे. नक्कल करणाऱ्यांनी सर्किट उचललं, ही अट उचलली नाही. विणलेल्या केबलचं इंडक्टन्स फार कमी आणि कपॅसिटन्स भरपूर, त्यात दीडच मीटर. ॲम्प मेगाहर्ट्झमध्ये ऑसिलेट होतो (आपोआप कंप पावतो), वरचा-खालचा ट्रान्झिस्टर एकदम चालू राहतो, आवाज न करता हीटसिंक तापतो. अस्सल ट्रान्झिस्टरही यात जाऊ शकतो.

ऑसिलोस्कोप नसेल तर केबल जोडताना-काढताना ०.२२ वरचा बायस बघा. ७-८ मिलिव्होल्टवरून उडी मारली तर ऑसिलेशन धरून चाला. उपाय : आउटपुटला कॉइल, २० मिमी पाइपवर १.२ मिमी एनॅमल तारेचे १४ वेढे, एकमेकांना चिकटून. सव्वातीन मायक्रोहेन्रीच्या आसपास येतं.

पीएनपी
केबलचं मान्य. पण आधी चाचणी करा, नाहीतर कॉइल लावून बनावट मालच पुन्हा जाळाल.

कर्कशराव
केली. त्याच पाकिटातला नवा : ३.९ व्होल्ट. उजव्या चॅनेलमधला काढून लावला : ७.६. बायस अजून बघता येत नाही, डावीकडे ट्रान्झिस्टरच नाहीत.

पीएनपी
मग निकाल लागला, पाकीट बाद. नवे घेताना अधिकृत वितरकाकडूनच घ्या. ५२०० नाही मिळाला तर एमजेएल३२८१ए चालेल : २६० व्होल्ट, १५ अँपिअर, २०० वॉट, पायांचा क्रम तोच. बसवण्याआधी डावीकडचे ड्रायव्हर आणि बेसचे रेझिस्टर मोजा, शॉर्टबरोबर तेही जातात. ०.२२ चे उघडे पडलेत का बघा. बायस प्रीसेट किमान करंटवर आणा. पहिल्यांदा ६० वॉट फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये, एलईडी नव्हे, आणि स्पीकर न जोडता. बल्ब क्षणभर उजळून मंद व्हायला हवा. आउटपुटला डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत आला की बल्ब काढून बायस लावा.

कर्कशराव
ठीक. ती कॉइल झोबेलच्या (आउटपुटवरच्या रेझिस्टर-कपॅसिटर जोडीच्या) आधी की नंतर?

घुमट
नंतर. झोबेल बोर्डावर आहे तिथेच राहू दे. कॉइल बोर्डाच्या आउटपुट आणि स्पीकर टर्मिनलच्या मध्ये, ट्रान्सफॉर्मरपासून लांब.