रजेवर आलेल्या जवानाची दारू घरीच बंद करावी का? (देवळाली कॅम्प परिसर)

भगूरची_सून
माझे दीर फौजेत हवालदार आहेत, सध्या रजेवर घरी. रोज पाऊण बाटली रम लागते. सकाळी हात थरथरतात, एक पेग पोटात गेला की थांबतात. परत जायला 9 दिवस उरलेत. ते म्हणतात, शेवटचे चार दिवस घेत नाही, गाडीत बसेपर्यंत साफ होतो. सासूबाईंनी कुठूनशी पावडर आणलीय, भाजीत कालवून द्यायची म्हणतात. एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलात) नेलं तर युनिटला कळेल आणि नोकरी जाईल ही घरात धास्ती. काय करावं?

निवृत्त_एनए
ताई, आधी हिशेब बघा. 42.8 टक्क्यांच्या 30 मिलीत साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. 750 च्या बाटलीत 250 ग्रॅम, म्हणजे दीर रोज 190 च्या आसपास घेतात. त्यात सकाळचा कंप पेगने थांबतो म्हणता, म्हणजे शरीराला सवय लागलेली आहे. अशा माणसाने घरी एकदम बंद करायची नसते.

शेवटच्या पेगनंतर 6 ते 12 तासांत घाम, कंप, मळमळ सुरू होते, झोप उडते. फिट यायची असेल तर बहुतेक पहिल्या 48 तासांत येते. 48 ते 96 तासांत डिलिरियमचा धोका: भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो, नाडी पळते. यात माणूस दगावतो. दीर म्हणतात ते चार दिवस नेमके हेच. आणि गाडीत बसूनच बंद केली तर फिट वरच्या बर्थवर येणार, डॉक्टर पुढच्या मोठ्या स्टेशनावर.

हॉस्पिटलात क्लोरडायझेपॉक्साइड सुरू करून साधारण आठवडाभरात उतरवत नेतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. या गोळ्या आणून घरी देऊ नका, वर दारू गेली तर श्वास मंदावतो.

अजून एक, हे सर्रास चुकतं. पेशंट गळून गेलेला दिसतो म्हणून जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावतात. पिणाऱ्याच्या अंगात बी-1 आधीच कमी, ग्लुकोज पचवताना उरलंसुरलंही संपतं. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो, बोलणं भरकटतं. वेळेवर उपचार झाला नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. थायमिनचं, म्हणजे बी-1 चं, इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी गेलं पाहिजे. रोज पितो हे डॉक्टरला दारातच सांगा, लाजू नका.

हॉस्पिटल गाठेपर्यंत दारू जबरदस्तीने तोडू नका. फिट किंवा भ्रम दिसला तर थेट 108.

लॅमरोड_फार्मा
पावडर आजच फेका. अशा पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि दीरांनी त्यावर पेग घेतला तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, बीपी कोसळतं, हृदयावर बेतू शकतं. आणि आपण काय खाल्लं हे त्या माणसाला माहीतच नाही!

तेच औषध डॉक्टर रीतसर देतात: माणसाच्या संमतीने, लिव्हरची तपासणी आणि ईसीजी बघून, शेवटच्या पेगनंतर किमान 12 तास गेल्यावर, बहुधा 250 मिग्रॅ रोज. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. त्या काळात काही कफ सिरप आणि द्राक्षासव, दशमूलारिष्टही चालत नाही, आसव-अरिष्टांत अल्कोहोल असतंच.

तलफ कमी करायला नालट्रेक्सोन 50 मिग्रॅ आहे. पण दीर कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी ट्रामाडोल घेत असतील तर आधी सांगा. फौजी माणसाच्या किटमध्ये ही पट्टी बरेचदा सापडते. ट्रामाडोल अफूवर्गीय आहे, ते अंगात असताना नालट्रेक्सोन दिलं तर तासाभरात हाल सुरू होतात. 7 ते 10 दिवसांचं अंतर लागतं. 2018 पासून ट्रामाडोल एनडीपीएसखाली (अमली पदार्थांच्या कायद्यात) आहे, त्याचीच सवय असेल तर तो वेगळा उपचार.

सिडको_नाशिक
एवढं कशाला? शहरात खासगीत भरती करा, युनिटला सांगूच नका.

माजी_सुभेदार
सिडकोकर, हा सल्ला महागात पडेल. भरतीतच रजा संपली तर ओव्हरस्टे, म्हणजे रजेपेक्षा जास्त राहिल्याचा ठपका लागतो. आणि पलटणीत पुन्हा पिऊन सापडले तर मामला शिस्तीचा होतो. आर्मी ॲक्टच्या कलम 48 खाली ड्युटीवर असो वा नसो, नशेत सापडणं हाच गुन्हा आहे. लाल शाईच्या, म्हणजे शिक्षेच्या, नोंदी साठत जातात. चार झाल्या की घरी, असं लंगरात बोलतात. ते आपोआप होत नाही, परिस्थिती तपासावी लागते असं सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये सांगितलंय. पण तिथवर जायचंच कशाला?

ताई, रजेवर आजारी पडलेल्या जवानाने जवळच्या एमएचला रिपोर्ट करायचा असतो, तुम्हाला देवळालीचं जवळ. आयकार्ड आणि लीव्ह सर्टिफिकेट सोबत न्या, युनिटला कळवल्याची नोंद ठेवा. गरज पडली तर पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला पाठवतील. सीओंकडून (युनिटच्या प्रमुखाकडून) एएफएमएसएफ-10 या फॉर्मवर वागणुकीचा अहवाल मागवतात, त्यात आधीचं काही नसेल तर फायदाच. मग मेडिकल कॅटेगरी खाली येते, म्हणजे शेप या फौजी आरोग्य-श्रेणीतला एस, मानसिक आरोग्याचा, खाली. ठरावीक आठवड्यांनी रिव्ह्यू, कोरडा राहिला तर कॅटेगरी वर. हत्यार, प्रमोशन, पोस्टिंगवर परिणाम होतो, ते लपवत नाही. पण कॅटेगरी खाली येणं म्हणजे फौजेतून डिस्चार्ज नव्हे. पुन्हा पुन्हा घसरला तर मात्र मेडिकल बोर्ड घरी पाठवू शकतो, आणि दारूमुळे आलेल्या अपंगत्वाला डिसॅबिलिटी पेन्शन मिळत नाही.

भगूरची_सून
एमएचला यायला तयारच नसतील तर? एका व्यसनमुक्ती केंद्रवाल्याने गाडी पाठवून उचलून नेतो म्हटलंय.

निवृत्त_एनए
उचलून नेणाऱ्याकडे देऊ नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. केंद्राला नोंदणी लागते, बांधून ठेवायला बंदी आहे, मर्जीविरुद्धच्या भरतीला कलम 89 ची रीत आहे. ती डॉक्टरांनी तपासूनच होते. फोनवर एवढंच विचारा: रात्री डॉक्टर असतो का, फिट आली तर काय करता? उत्तरात गडबड वाटली की फोन ठेवा.

आधी त्यांनाच बोलू द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं. फौजींसाठी त्याचा वेगळा कक्ष 1 डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या एएफएमसीत (फौजी मेडिकल कॉलेजात) आहे. सकाळी, पहिला पेग गेल्यावर, हात स्थिर असताना विषय काढा. रात्री काढून उपयोग नाही.

माजी_सुभेदार
आणि वहिनींना (दीरांच्या बायकोला) सांगा, ज्यावर दारू मिळते ते कँटीन कार्ड आत्ताच मागून घ्या. पलटणीत परतल्यावर खरी अडचण वेगळीच: न पिणाऱ्या जोडीदारांचा दारूचा कोटा पिणाऱ्याकडे वळतो. आरएमओ (पलटणीचे डॉक्टर) आणि बडीला (जोडीदार जवानाला) आधी सांगितलेलं असलं तर ती वाट बंद करता येते. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज स्लिपच्या दोन झेरॉक्स काढा, एक आरएमओकडे, एक घरी.