मार्चचा नकार डिसेंबरमध्ये होकार कसा झाला? (अफगाणिस्तान, १९७९)

कालरेषा:
सोव्हिएत संघाच्या अफगाणिस्तानातील हस्तक्षेपाविषयी वाचताना एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. मार्च १९७९ मध्ये हेरात या अफगाण शहरात सरकारविरुद्ध उठाव झाला, तेव्हा अफगाणिस्तानचे साम्यवादी नेते तराकी यांनी मॉस्कोकडे सैन्याची मागणी केली होती. ताजिक आणि उझबेक सैनिक अफगाण गणवेशात पाठवा, म्हणजे ते कुणाला ओळखू येणार नाहीत, असेही त्यांनी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांना फोनवर सुचवले. तरीही पॉलिटब्युरोने, म्हणजे सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने, नकार दिला. सैन्य गेले तर जग आपल्याला आक्रमक ठरवेल, असे परराष्ट्रमंत्री ग्रोमिको म्हणाले. केवळ संगिनींच्या बळावर अफगाणिस्तानातील साम्यवादी क्रांती टिकवणे आपल्याला परवडणारे नाही, अशी भूमिका केजीबी या गुप्तचर संस्थेचे प्रमुख आंद्रोपोव्ह यांनी घेतली. मग नऊ महिन्यांच्या आत याच मंडळींनी नेमका उलटा निर्णय का घेतला? परिस्थिती बदलली होती, की निर्णयाची रीत?

दप्तरखाना:
माझ्या मते रीत बदलली, आणि ते फार महत्त्वाचे आहे. मार्चमध्ये सलग तीन दिवस बैठका झाल्या. पहिल्या दिवशी सूर हस्तक्षेपाकडे झुकणारा होता. दुसऱ्या दिवशी, रात्रभर विचार केल्यावर, तो पालटला. म्हणजे मत बदलायला वेळही होता आणि वावही होता. डिसेंबरमध्ये यातले काहीच उरले नाही. ८ डिसेंबरला सर्वोच्च नेते ब्रेझनेव्ह यांच्यासमोर आंद्रोपोव्ह, संरक्षणमंत्री उस्तिनोव्ह, ग्रोमिको आणि पक्षाचे ज्येष्ठ नेते सुस्लोव्ह एवढेच बसले. मार्चमध्ये तराकींना समजावून परत पाठवणारे कोसिगिन १२ डिसेंबरच्या निर्णायक बैठकीला नव्हते. सरसेनाध्यक्ष ओगार्कोव्ह यांनी ७५ ते ८० हजार सैनिकांनी हा देश ताब्यात राहणार नाही, असे बजावले. परंतु धोरण ठरवणे हे लष्कराचे काम नाही, असे सांगून त्यांना गप्प करण्यात आले.

१२ डिसेंबरचा ठराव पाहण्यासारखा आहे. पॉलिटब्युरोचे सदस्य चेर्नेन्को यांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला, कारण टंकलेखकाच्याही नजरेस तो पडू नये अशी काळजी होती. त्यात अफगाणिस्तानचे नाव नाही, केवळ ‘अ’ हे अक्षर आहे, आणि सैन्याचा उल्लेखही नाही. आंद्रोपोव्ह, उस्तिनोव्ह आणि ग्रोमिको यांनी मांडलेल्या ‘उपायांना’ मान्यता एवढेच म्हटले आहे. जे कागदावर स्पष्ट लिहिलेलेच नाही, त्याला हरकत तरी कुणी आणि कशाला घ्यायची? काही सदस्यांच्या सह्या तर नंतर घेतल्या गेल्या.

सीमाप्रांत:
आपण रीतीला जरा जास्तच वजन देत आहात. मधल्या काळात तराकींची हत्या झाली होती आणि ती करवणारे नवे अफगाण नेते अमीन अमेरिकेकडे वळतील, असा केजीबीचा संशय होता. मार्चच्या नकारामागे अमेरिकेशी होऊ घातलेल्या अण्वस्त्र कराराची चिंता होती. डिसेंबरपर्यंत तो करार अमेरिकी सेनेटमध्ये रखडला होता, आणि १२ डिसेंबरलाच नाटोने युरोपात नवी क्षेपणास्त्रे तैनात करण्याचे ठरवले. गमावण्यासारखे फारसे काही उरले नाही, असे त्यांना वाटले असेल, तर ते अगदीच निराधार म्हणता येत नाही.

दप्तरखाना:
कारणे खरी होती, हे मान्य आहे. पण अमीन यांच्याविषयीचा संशय आंद्रोपोव्ह यांच्याच यंत्रणेने पुरवला होता, आणि त्यावर कारवाई करण्याची शिफारसही त्यांचीच होती. माहिती देणारा आणि उपाय सुचवणारा एकच असेल, तर ती माहिती तपासून कोण पाहणार? संशोधकांचे टिपण पक्षाच्या केंद्रीय समितीकडे पोहोचले ते जानेवारी १९८० मध्ये. तोवर अमीन ठार झाले होते आणि सैन्य काबूलमध्ये होते.

मतपेटी:
निर्णय संसदेत गेला असता तर तो थांबला असता, असा निष्कर्ष मात्र यातून घाईने काढू नये. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर हल्ले झाल्याचे सांगितले गेल्यावर अमेरिकी सेनेटने ८८ विरुद्ध २ आणि प्रतिनिधीगृहाने ४१६ विरुद्ध ० मतांनी अध्यक्षांना व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईची मोकळीक दिली. ज्या दुसऱ्या हल्ल्यावर तो ठराव आधारलेला होता, तो झालाच नव्हता. याउलट २९ ऑगस्ट २०१३ रोजी ब्रिटिश संसदेने सीरियावरील कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला आणि सरकारने तो निर्णय मानला. सभासदांनी सरकारने दिलेली माहिती जशीच्या तशी स्वीकारली की तिच्यावर प्रश्न विचारले, यावर बरेच काही ठरते.

कालरेषा:
सर्वांचे आभार. माघारीचा निर्णयही असाच मोजक्या लोकांत झाला का?

दप्तरखाना:
तो पॉलिटब्युरोमध्ये उघड चर्चेने झाला, पण फार संथपणे. नोव्हेंबर १९८६ मध्ये तेव्हाचे सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी एक-दोन वर्षांत बाहेर पडण्याचे उद्दिष्ट मांडले. माघारीविषयीचा जिनिव्हा करार एप्रिल १९८८ मध्ये झाला आणि शेवटची तुकडी १५ फेब्रुवारी १९८९ रोजी परतली. तोवर सुमारे १५ हजार सोव्हिएत सैनिक आणि त्याहून कितीतरी अधिक अफगाण माणसे मेली होती. डिसेंबर १९८९ मध्ये लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने (तेव्हाच्या सोव्हिएत संसदेने) मूळ निर्णयाचा निषेध केला. त्या वेळी निर्णय घेणाऱ्यांपैकी ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह, उस्तिनोव्ह आणि सुस्लोव्ह हयात नव्हते, आणि ग्रोमिको त्याच वर्षी जुलैमध्ये वारले होते.